आधी पोच, मग प्रक्रिया

पालिकेच्या किंवा सरकारच्या संकेतस्थळावर पैसे भरायला गेलेल्या प्रत्येकाने एक सूचना वाचलेली असते. कृपया हे पान बंद करू नका, रिफ्रेश करू नका, मागे जाण्याचे बटण दाबू नका. ती आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटत नाही. नेटवर्क टिकवणे, पान उघडे ठेवणे, उत्तर येईपर्यंत फोनला हात न लावणे ही सगळी जबाबदारी ती सूचना मुकाट्याने नागरिकाच्या अंगावर टाकते. त्यातले काही चुकले, तर अर्ज पोचला की नाही, पैसे गेले की राहिले, हे शोधत फिरायचे त्यानेच. ही तंत्रज्ञानाची मर्यादा असती तर सोसावी लागली असती. पण माणसाला ताटकळत न ठेवता मागच्या मागे काम करून घेण्याची सोय ब्राउझरमध्ये येऊन पंचवीस वर्षे झाली आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांत, जिथे लोकांचा दिवसातला मोठा वेळ लोकलच्या प्रवासात जातो, ही सोय नागरी सेवांमध्ये नीट वापरली जात नाही, आणि त्याची किंमत साधी माणसे वेळेत आणि पैशांत मोजतात.

सुरुवातीच्या काळात वेबचे पान हे छापील पानासारखे होते. दुव्यावर क्लिक केले की विनंती सर्व्हरकडे जाई, तिथून अख्खे नवे पान येई आणि तोवर पडदा पांढरा. मायक्रोसॉफ्टच्या आउटलूक ईमेलची ब्राउझरमधली आवृत्ती बनवणाऱ्या अभियंत्यांना हे परवडणारे नव्हते. प्रत्येक पत्र उघडताना सगळे पान पुन्हा आणायचे म्हणजे वापरणारा वैतागणार. म्हणून त्यांनी पान जागेवर ठेवून मागच्या बाजूने सर्व्हरशी बोलण्याची एक सोय तयार केली आणि ती १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. काही वर्षे तिच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आणि फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स आले तेव्हा जगाला तिची ताकद कळली. नकाशा माउसने ओढून सरकवावा आणि पुढचा भाग आपोआप येत राहावा, हे तोवर ब्राउझरमध्ये कुणी फारसे अनुभवले नव्हते. त्याच महिन्यात जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. पुढे जावास्क्रिप्ट भाषेतच या कामासाठी चांगली रचना आली, २०१७ च्या आवृत्तीत ती आणखी सुटसुटीत झाली. नेटवर्क नसतानाही पान उघडावे आणि भरलेली माहिती फोनमध्येच टिकावी, ही सोयही गेल्या दशकात सर्व प्रमुख ब्राउझरांत आली. आज बँकेचे व्यवहार, तिकिटे, हिशेबाच्या वह्या, चित्रांची कामे, सगळे ब्राउझरमध्ये होते ते या पायावर.

या पद्धतीचा गाभा समजून घेणे कठीण नाही. ब्राउझरमधला प्रोग्राम साधारणपणे एका वेळी एकच काम करतो. सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत तो थांबला तर सगळे पान गोठते. म्हणून तो विनंती पाठवतो, तिची नोंद ठेवतो, दुसऱ्या कामाला लागतो आणि उत्तर आले की ते हाती घेतो. आपल्या सरकारी कचेऱ्यांत आवक-जावकची खिडकी नेमकी हेच करते. अर्ज दिला, आवक क्रमांक पडला, दुय्यम प्रतीवर शिक्का घेतला की माणूस घरी जायला मोकळा. फाइल टेबलांवरून फिरत राहते, पण अर्जदाराला त्या टेबलांसमोर उभे राहावे लागत नाही. अर्ज हरवला तर शिक्क्याची प्रत त्याच्या हातात असते. कागदाच्या कारभाराचे दोष अनेक होते, त्यातला विलंब आणि हेलपाटे कुणी विसरलेले नाही. तरी पोच देण्याची शिस्त त्यात पक्की होती. ऑनलाइन कारभाराने ही शिस्त मोडली. आज अनेक ठिकाणी अर्ज क्रमांक मिळतो तो सगळ्यात शेवटी, म्हणजे सर्व रकाने भरून, कागदपत्रे चढवून, पैसे भरून झाल्यावर. या शेवटच्या पायरीपर्यंत पोचण्याआधी पान अडकले तर नागरिकाने काही केल्याचा पुरावाच उरत नाही.

विनंती पाठवली की तिचे तीन परिणाम होऊ शकतात. काम झाले, काम झाले नाही, किंवा काय झाले ते कळले नाही. पहिल्या दोन शक्यतांची सोय बहुतेक प्रोग्रामर करतात. तिसरी अवघड आहे आणि तिथेच लोक अडकतात. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, कर भरला गेला, पण उत्तर परत येताना नेटवर्क तुटले. फोनवर चक्र फिरत राहते. आता पुन्हा बटण दाबावे तर पैसे दोनदा जाण्याची भीती, न दाबावे तर थकबाकी आणि दंडाची भीती. यावरचा उपाय या व्यवसायात वर्षानुवर्षे माहीत आहे. प्रत्येक अर्जाला सुरुवातीलाच क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकाची विनंती कितीही वेळा आली तरी नोंद एकदाच करायची. मग बटण चार वेळा दाबले तरी पैसे एकदाच जातात, आणि पान रिफ्रेश करू नका असे सांगण्याची गरजच राहत नाही.

हे सगळे ज्या शहरांबद्दल लिहितो आहे ती या बाबतीत मागासलेली नव्हती, उलट पुढे होती. कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या सुरुवातीलाच आपला कारभार संगणकावर आणला. नागरी सुविधा केंद्राच्या एकाच खिडकीवर वेगवेगळ्या खात्यांचे अर्ज घेण्याची तिची पद्धत राज्यभर वाखाणली गेली आणि सरकारने तोच नमुना इतर नगरपालिका-महापालिकांत नेण्याचे ठरवले. सप्टेंबर २०१६ मध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही शहरांची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. ठाणे महापालिकेने २०१८ मध्ये तेल अवीव शहराच्या धर्तीवर ‘डिजी ठाणे’ हा उपक्रम सुरू केला. म्हणजे इच्छा होती, निधी होता, नवे काही करून पाहण्याची तयारीही होती. शिवाय २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर होती. त्यानंतर घोडबंदर रस्त्यावर, दिव्यात, टिटवाळ्यापर्यंत झालेली वाढ रोज डोळ्यांसमोर आहे. एवढ्या लोकांना प्रभाग कार्यालयाच्या खिडकीवर बोलावणे शक्य नाही, हे मान्यच. म्हणूनच ऑनलाइन सेवा नीट बांधली जाणे ही इथे चैन नाही.

हा फक्त सोयीचा मुद्दा असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. तो हक्काचा मुद्दा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क त्याने दिला, अर्जाची पोच आणि स्वतंत्र अर्ज क्रमांक देणे बंधनकारक केले, आणि कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पण मुदतीचे घड्याळ सुरू होते ते अर्ज मिळाल्यावर. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हाही हेच सांगतो, की नेमून दिलेल्या संगणकात नोंद शिरली की ती मिळाली असे धरायचे. आता विचार करा. डोंबिवलीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन संध्याकाळी अर्ज भरला आणि तिन्ही वेळा कागदपत्रे चढवताना ‘सेशन संपले’ असा संदेश आला. कायद्याच्या दृष्टीने त्याने अर्जच केलेला नाही. मुदत सुरू झाली नाही, अपिलाचा प्रश्न नाही, उशिराची नोंद नाही. सेवा वेळेत दिल्याची आकडेवारी मात्र उत्तम दिसते, कारण दाराबाहेर राहिलेल्यांची मोजदादच होत नाही. पहिल्या रकान्यालाच क्रमांक पडला, अर्धवट अर्ज सर्व्हरवर जपला गेला, तर या माणसाची नोंद राहील आणि किती अर्ज कोणत्या पायरीवर अडकतात हे प्रशासनालाही दिसेल. मला हा सर्वांत मोठा फायदा वाटतो.

नेटवर्क आता सगळीकडे आहे, फोर-जी आणि फाइव्ह-जी आहे, मग अडचण कसली, असे कुणी विचारील. ठाण्याहून कल्याणकडे निघालेल्या संध्याकाळच्या लोकलमध्ये याचे उत्तर मिळते. एका गाडीत हजारो माणसे, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि ते सगळे फोन एकाच वेळी एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जात असतात. कळव्यापुढे एका बाजूला पारसिकचा डोंगर, पलीकडे खाडी. पट्टीवर सिग्नलच्या रेघा पूर्ण दिसतात, पण पान पुढे सरकत नाही. नोकरदार माणसाला पालिकेचे काम उरकायला मिळणारा मोकळा वेळ बहुधा हाच असतो. हीच अडचण ओळखून केलेली कामेही इथल्याच प्रवाशांच्या हातात आहेत. एम-इंडिकेटर या ॲपमधले लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच असते, त्यासाठी नेटवर्क लागत नाही. २०१४ च्या अखेरीस मुंबईच्या उपनगरी मार्गावर सुरू झालेल्या रेल्वेच्या यूटीएस ॲपवर काढलेले तिकीट फोनमध्ये उतरत असे आणि तपासनिसाला दाखवायला इंटरनेटची गरज पडत नसे. या दोन्ही गोष्टी बनवणाऱ्यांनी नेटवर्क जाणारच हे गृहीत धरले. नागरी सेवांची संकेतस्थळे बनवणारे मात्र नेटवर्क राहणारच असे धरून चालतात.

यावर सर्वांत नेहमीचा आक्षेप असा, की दोष प्रोग्रामिंगचा नाही, सर्व्हरच्या क्षमतेचा आहे. लाखो लोक एकदम आले की कोणतीही यंत्रणा कोलमडणार. मे २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच राज्यभर लागू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी संकेतस्थळ बंद पडले आणि नोंदणी काही दिवस पुढे ढकलावी लागली. त्याच वर्षी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत ओटीपी न येण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की सरकारला तांत्रिक अडचण मान्य करावी लागली, आणि पुढे मुदतही वाढवण्यात आली. दोन्ही वेळा गर्दी खरी होती. पण ही गर्दी कोणत्या कामासाठी होती ते पाहिले पाहिजे. तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाला होणारी झुंबड वेगळी. तिथे जागा मोजक्या असतात आणि आधी येईल त्याला मिळतात, तेव्हा त्याच क्षणी निकाल लागणे भाग आहे. अकरावीचा प्रवेश गुणवत्तेवर होतो. पहिल्या मिनिटाला नोंदणी करणाऱ्याला शेवटच्या दिवशी करणाऱ्यापेक्षा काडीचाही जास्त फायदा नसतो. ई-केवायसीत तर कुणाची कुणाशी स्पर्धाच नाही. अशा कामात अर्ज आधी घेऊन ठेवावा, क्रमांक द्यावा आणि पडताळणी रात्री सावकाश करावी, निकाल एसएमएसने कळवावा. यात काहीही अडत नाही. उलट सगळे तिथल्या तिथे करण्याच्या हट्टामुळे गर्दी वाढते. पान अडकले की माणूस पुन्हा प्रयत्न करतो, घरातल्या दुसऱ्या फोनवरून करतो, आणि एका अर्जाच्या पाच विनंत्या होतात. नुसते सर्व्हर वाढवून हे भागत नाही, कारण तो खर्च वर्षातल्या चार दिवसांसाठी असतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. ब्राउझरमधली ही सगळी चलाखी जावास्क्रिप्टवर चालते, आणि तिचा अतिरेक झालेली संकेतस्थळे स्वस्त फोनवर रांगतात. साधा कराचा आकडा दाखवायला काही एमबीचा प्रोग्राम उतरवून घ्यायचा, मग तो फोनच्या अशक्त प्रोसेसरवर उलगडायचा, आणि मध्ये कुठे चूक झाली तर कोरे पान. जुनी साधी पाने निदान दिसत तरी होती. गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारी निविदांमधून आलेल्या बऱ्याच नव्या पोर्टलांनी एजॅक्सच्या परंपरेतून देखावा घेतला, म्हणजे सरकणारी चित्रे, उघडझाप करणारे तक्ते, फिरणारी चक्रे. माणसाने लिहिलेले हरवू नये आणि त्याला ताटकळावे लागू नये यासाठी ती परंपरा जन्माला आली होती, तो हेतू मात्र घेतला नाही. म्हणून माझी मागणी अधिक जावास्क्रिप्टची नाही. अर्जाचे पान साध्या रूपात उघडावे, जावास्क्रिप्ट न चालल्यासही भरता यावे, आणि ज्या फोनला झेपते तिथे रकान्यागणिक जतन होण्याची सोय वर चढवावी. फोटो ठरावीक केबीचाच हवा म्हणून तो नाकारण्याऐवजी ब्राउझरनेच तो लहान करून घ्यावा, हे तर थोड्या ओळींचे काम आहे. त्या एका अटीपायी किती माणसे स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन फोटो ‘कमी करून’ घेतात, हे कल्याण-डोंबिवलीत कुणालाही विचारावे.

अर्धवट अर्ज जपून ठेवणे धोक्याचे आहे, असेही म्हटले जाते. एकाच फोनवर घरातली चार माणसे, शिवाय केंद्रांतले सामायिक संगणक, त्यात आधार क्रमांक पडून राहिला तर? ही काळजी रास्त आहे. म्हणूनच मसुदा फोनमध्ये दीर्घकाळ न ठेवता सर्व्हरवर अर्ज क्रमांकाखाली ठेवावा, ओटीपी देऊनच उघडू द्यावा, आणि फोनवरची प्रत पोचल्याबरोबर पुसावी. आधारसारखी माहिती फोनवर उतरवूच नये. हे सगळे करता येते आणि बँका ते करतात. केंद्रांबद्दलही एक गैरसमज आहे. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी महा ई-सेवा केंद्रे आहेत, असे उत्तर मिळते. पण केंद्रातला चालकही तेच संकेतस्थळ वापरतो. पान अडकले की त्याचीही रांग अडकते, आणि तहसील कार्यालयाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या बाईला सांगितले जाते की आज साइट डाउन आहे, उद्या या. तिचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो.

पैशांच्या बाबतीत देशाने हा धडा घेतला आहे. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला खात्री मिळाली नाही, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. यूपीआयवर ‘प्रलंबित’ अशी तिसरी अवस्था स्पष्ट दिसते. काय झाले ते अजून कळलेले नाही, कळवतो, एवढे ती सांगते, आणि भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळ्यांना ती समजते. पण बँकेचा नियम बँकेच्या दारापर्यंतच पोचतो. पैसे पालिकेच्या खात्यात व्यवस्थित जमा झाले आणि नुसती पावतीच निघाली नाही, तर ताळमेळ पालिकेनेच घालायचा असतो. मार्चअखेर मालमत्ता कर भरणाऱ्याला अशा वेळी बँकेचे विवरणपत्र घेऊन प्रभाग कार्यालयात जावे लागणे हे ऑनलाइन भरण्याचा हेतूच हरवणारे आहे. जमा झालेली प्रत्येक रक्कम रोज रात्री अर्ज क्रमांकाशी जुळवून सकाळपर्यंत पावती पाठवणे, यात संशोधन करण्यासारखे काही उरलेले नाही.

हे काम करू शकणारी माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. कल्याण, डोंबिवली, बदलापूरहून रोज सकाळी ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या कार्यालयांत जाणारे तरुण-तरुणी जगभरच्या बँकांसाठी, विमान कंपन्यांसाठी नेमक्या अशाच यंत्रणा बांधतात. तिथे एक विनंती दोनदा नोंदली गेली तर ग्राहक कंपनी जाब विचारते. आपल्या पालिकेला कुणी जाब विचारत नाही, कारण निविदेत त्याबद्दल एक ओळही नसते. कोणत्या सेवा, किती पाने, किती महिने देखभाल, हे सगळे असते. कमकुवत नेटवर्कवर अर्ज पुरा होतो का, हे तपासल्याशिवाय देयक मंजूर करू नये, अशी अट नसते. ही तपासणी अवघड नाही. संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करण्याची आणि पूर्ण तोडण्याची सोय फुकट आहे. संगणक विभागातल्या कोणत्याही अधिकाऱ्याने कंत्राटदारासमोर बसून अर्ज अर्धा भरावा, नेटवर्क तोडावे, पुन्हा जोडावे, बटण दोनदा दाबावे. लिहिलेले टिकले का आणि नोंद एकच झाली का, हे तिथल्या तिथे कळते.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी यापुढच्या प्रत्येक संगणक-निविदेत तीन अटी घालाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहिल्या पायरीलाच अर्ज क्रमांक, अर्धवट अर्ज जपणे, आणि एका अर्जाची एकच नोंद. नगरसेवकांनी गटार आणि रस्त्याइतक्याच हिरिरीने याचा पाठपुरावा करावा. आणि वाचकांनी, पान अडकले तर गप्प न बसता दिनांक, वेळ आणि व्यवहार क्रमांकासह लेखी तक्रार प्रभाग कार्यालयात द्यावी आणि तिची पोच घ्यावी. आवक खिडकीवर ती आजही मिळते.